ख्रिस्ती विश्वासाबद्दल कुणी प्रश्न विचारला तर उत्तराला सुरुवात कुठून करायची

"देव आहे हे कशावरून?" असं कुणी विचारलं की आपल्यातले बरेच विश्वासणारे एकतर "विश्वास ठेवायचा असतो, प्रश्न विचारायचे नसतात" म्हणून विषय मिटवून टाकतात, नाहीतर व्हिडिओत ऐकलेले सगळे मुद्दे एका दमात समोरच्याच्या अंगावर फेकतात आणि तो गप्प बसला की आपण जिंकलो असं समजतात. दोन्हीमुळे माणूस लांबच जातो. पेत्राने छळ सोसणाऱ्या मंडळ्यांना लिहिताना (१ पेत्र ३:१५) सांगितलंय की तुमच्या आशेबद्दल जो कोणी विचारेल त्याला उत्तर द्यायला कायम तयार राहा, आणि ते सौम्यपणे, आदराने द्या. म्हणजे अभ्यासही हवा आणि वागणंही हवं, नुसत्या एकावर भागत नाही.

आता उत्तर द्यायच्या पद्धती बऱ्याच आहेत आणि त्या शिकवणारे लोक आपापसात जोरात भांडतात, की आमचीच पद्धत बायबलला धरून आहे, तुमची नाही. माझं मत स्पष्ट आहे, आधी प्रश्न आणि प्रश्न विचारणारा माणूस बघा, पद्धत त्यावरून ठरवा. प्रेषितांची कृत्ये वाचताना पौलाकडे बघा. थेस्सलनीकात तो सभास्थानात गेला तर तीन शब्बाथ शास्त्रावरूनच बोलला कारण ऐकणारे शास्त्र मानणारे होते. लुस्त्रात लोकांना शास्त्र माहीतच नव्हतं, तिथे त्याने पाऊस आणि पिकापाण्यापासून सुरुवात केली. अथेनैत 'अज्ञात देवाला' लिहिलेली वेदी धरली आणि त्यांच्याच कवींच्या ओळी वापरल्या. आणि अग्रिप्पा राजापुढे उभं राहिल्यावर स्वतःचीच हकिकत सांगितली. माणूस एकच, शुभवर्तमान एकच, पण सुरुवात चार ठिकाणी चार.

आधी उलट प्रश्न विचारा

कुणी आक्षेप घेतला की लगेच उत्तर देऊ नका, "यात तुला नेमकं काय खटकतंय?" एवढं विचारा आणि खरंच ऐका. "बायबल बदललंय" हा इतिहासाचा आणि हस्तलिखितांचा प्रश्न आहे, त्याला तत्त्वज्ञान सांगून उपयोग नाही. "विज्ञान आलं, आता देवाची गरज काय" हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, त्याला वचनं ऐकवून उपयोग नाही. आणि "माझी बहीण गेली तेव्हा तुमचा देव कुठे होता" हा बऱ्याचदा प्रश्नच नसतो, ते दुःख असतं, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय. एक अजून प्रकार असतो, ज्याला चर्चमधल्याच कुणीतरी दुखावलेलं असतं आणि तो बोलतो मात्र उत्क्रांतीबद्दल. अशा वेळी उत्क्रांतीवर तासभर बोलत बसलात तरी मूळ गोष्ट बाहेर येतच नाही.

पहिली पद्धत: आधी देव, मग ख्रिस्त

ही सगळ्यात जुनी, हिला क्लासिकल म्हणतात. दोन टप्पे असतात, आधी विचारांच्या जोरावर देव आहे इथपर्यंत यायचं आणि मग तो येशूमध्ये प्रकट झाला हे दाखवायचं. मध्ययुगातला कॅथलिक विचारवंत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) याने देवाच्या अस्तित्वाकडे जाणारे पाच मार्ग मांडले ते याच घराण्यातले. कॅथलिक चर्चने तर १८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेत अधिकृतपणे सांगितलं की माणसाच्या बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात देवाला ओळखता येतं. उलट प्रोटेस्टंट बाजूला स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ १९३४ मध्ये या कल्पनेला सरळ 'नाही!' म्हणाला, त्याच्या मते देव फक्त स्वतः प्रकट झाला तरच कळतो. हा वाद अजून मिटलेला नाही.

सध्या सगळ्यात जास्त चालणारा युक्तिवाद म्हणजे कलाम. तो मुळात मध्ययुगातल्या मुस्लिम विचारवंतांनी, खासकरून अल-गझालीने मांडलेला, आणि १९७९ पासून विल्यम लेन क्रेग या अमेरिकन ख्रिस्ती तत्त्वज्ञाने नव्याने पुढे आणलेला. तीनच वाक्यं आहेत: जे अस्तित्वात येऊ लागतं त्याला काहीतरी कारण असतं, विश्व अस्तित्वात येऊ लागलं, म्हणून विश्वाला कारण आहे. हे वापरताना तिन्ही वाक्यं सावकाश सांगा आणि "यातलं कुठलं वाक्य तुला पटत नाही?" असं विचारा, म्हणजे चर्चा भरकटत नाही. "मग देवाला कुणी बनवलं?" हे येणारच, त्याला उत्तर एवढंच की पहिलं वाक्य 'जे अस्तित्वात येऊ लागतं' त्याच्याबद्दल आहे, जे आहे त्या सगळ्याबद्दल नाही.

पण इथे दोन ठिकाणी सांभाळा. एक, बिग बँगने देव सिद्ध झाला असं म्हणू नका. ती कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता, आणि त्यालाच आपला सिद्धांत असा धर्माच्या पुराव्यासारखा वापरलेला आवडत नव्हता. विश्व सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी अतिशय गरम आणि दाट अवस्थेतून पसरत आलं हे बऱ्यापैकी पक्कं आहे, पण तीच सगळ्याची अगदी पहिली सुरुवात होती का यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतायत. दोन, हा युक्तिवाद पूर्ण पटला तरी माणूस फक्त 'एक कारण आहे' इथपर्यंत पोचतो, प्रभू येशूच्या पित्यापर्यंत नाही, त्यामुळे दुसरा टप्पा तयार नसेल तर पहिला सुरूच करू नका.

नैतिकतेवरून केला जाणारा युक्तिवाद पण याच पद्धतीतला, की काही गोष्टी खरोखरच वाईट असतील, नुसत्या समाजाला आवडत नाहीत म्हणून वाईट नाही, तर त्या वाईटपणाला आधार कशाचा? तो मांडताना "नास्तिक लोक नीतीने वागूच शकत नाहीत" असं चुकूनही म्हणू नका. एकतर ते खोटं आहे, आणि शिवाय मुद्दा वागण्याचा नाहीच, मुद्दा आधाराचा आहे.

दुसरी पद्धत: थेट पुनरुत्थानाचा पुरावा

ही मला सगळ्यात जास्त कामाची वाटते कारण पौलाने स्वतःच सगळं या एका गोष्टीवर लावलंय, ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ (१ करिंथ १५). इतकं उघडपणे तपासायला दिलेलं दुसरं काही नाही.

तर १ करिंथ १५:३–८ उघडा आणि पेन्सिल घेऊन बसा. हे पत्र साधारण इ.स. ५३–५५ चं, वधस्तंभाची घटना ३० किंवा ३३ ची, म्हणजे मधे वीस-पंचवीस वर्षं. पौल म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, आणि मग यादी येते: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा जणांना, मग एकदम पाचशेहून जास्त बंधूंना आणि त्यातले बरेचसे अजून हयात आहेत, मग याकोबाला, मग सगळ्या प्रेषितांना, आणि शेवटी मला. ही वाक्यं पौलाने त्या दिवशी रचलेली नाहीत, पाठ करून एकमेकांना दिली जाणारी जुनी मांडणी त्याच्या पत्राच्या आधीपासून होती, हे विश्वास न ठेवणारे अभ्यासकही बहुतेक मान्य करतात. मिळाली कुठून? गलतीकरांस पत्र १:१८–१९ बघा, पौल यरुशलेमेला जाऊन केफाकडे पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. यादीत ज्यांची नावं आहेत त्यातल्या दोघांशी तो समोरासमोर बोललेला आहे. आता 'शंभर वर्षांनी दंतकथा तयार झाली' हा आक्षेप घ्या आणि या तारखांशेजारी ठेवून बघा, टिकत नाही.

त्या यादीतली दोन नावं खास लक्षात ठेवा, याकोब आणि पौल. येशूचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते असं योहान ७:५ सांगतं, आणि पौल तर मंडळीचा छळ करत होता. दोघंही आतून भारावलेले अनुयायी नव्हते. पुढे याकोब यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी झाला आणि साधारण ६२ च्या सुमारास त्याला दगडमार करून मारलं, हे जोसेफस या यहुदी इतिहासकाराने लिहून ठेवलंय. भास झाला म्हणा, प्रेत चोरलं म्हणा, जे काही म्हणायचं ते म्हणा, पण त्या स्पष्टीकरणाने हे दोघं का फिरले ते पण सांगता आलं पाहिजे.

आता प्रामाणिकपणाचा भाग, हा सोडला तर पुरावा सांगायचा अधिकारच राहत नाही. 'सगळे शिष्य हुतात्मा झाले' हे वाक्य आपण फार सहज म्हणतो. पेत्र, पौल, प्रभूचा भाऊ याकोब आणि जब्दीचा मुलगा याकोब (प्रेषितांची कृत्ये १२) यांच्याबद्दल चांगले जुने आधार आहेत, बाकीच्यांबद्दलच्या हकिकती बऱ्याच नंतरच्या आहेत, म्हणून तेवढ्यांचीच नावं घ्या. 'खोट्यासाठी कुणी मरत नाही' असंही म्हणू नका, चुकीच्या समजुतीसाठी लोक मरतातच, आपला मुद्दा वेगळा आहे, या लोकांना खरं काय ते जागेवर माहीत होऊ शकत होतं. जोसेफसमधला येशूवरचा मोठा उतारा पूर्णच्या पूर्ण वाचून दाखवू नका, त्यात नंतर ख्रिस्ती हातांनी भर घातलीये असं बहुतेक अभ्यासक मानतात. रोमन इतिहासकार टॅसिटसने ११६ च्या आसपास लिहिलंय की तिबिर्य कैसराच्या काळात पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. तो चांगला पुरावा आहे पण वधस्तंभाचा, पुनरुत्थानाचा नाही.

हस्तलिखितांबद्दल विचारलं तर तसंच. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांहून जास्त आहेत आणि त्यांच्यात फरक पण भरपूर आहेत, बहुतेक स्पेलिंगचे आणि शब्दांच्या क्रमाचे. पण मार्क १६:९–२० आणि योहान ७:५३–८:११ हे दोन उतारे सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाहीत, हे समोरच्याने काढायच्या आधी तुम्हीच सांगा. त्याने विश्वासाची कुठलीही शिकवण पडत नाही, पण तुम्ही लपवलंत आणि त्याला नंतर इंटरनेटवर सापडलं तर तुमचं बाकीचं खरं बोलणंही तो धरणार नाही.

या पद्धतीची खरी अडचण स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्येच सांगितली होती, चमत्कार घडण्यापेक्षा साक्षीदार चुकण्याची शक्यता कायम जास्तच. ज्याने 'चमत्कार घडूच शकत नाहीत' हे आधीच ठरवलंय त्याच्यापुढे तुम्ही कितीही तारखा ठेवा, तो म्हणणार काहीतरी दुसरं झालं असेल. तिथे पुरावा वाढवत बसू नका, पुढची पद्धत घ्या.

तिसरी: गृहीतकंच तपासायची

कॉर्नेलियस व्हॅन टिल (१८९५–१९८७), फिलाडेल्फियाच्या वेस्टमिन्स्टर सेमिनरीत १९२९ पासून शिकवायचा, त्याचं म्हणणं असं की कुणीच तटस्थ नसतं, प्रत्येकजण काहीतरी पाया धरूनच पुरावा वाचतो, म्हणून पुराव्याआधी पायाबद्दल बोला. तर्काचे नियम, निसर्ग उद्याही आजच्यासारखाच चालेल हा भरवसा, माणसाची किंमत, हे सगळं तुझ्या विचारसरणीत कशावर उभं आहे? त्याचा विद्यार्थी ग्रेग बानसनने १९८५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन कॅम्पसमध्ये नास्तिक गॉर्डन स्टाइनशी वादविवाद केला तो याच पद्धतीने, मुख्य भर तर्काच्या नियमांवर.

रोजच्या बोलण्यात ही एका ठिकाणी छान चालते. कुणी म्हणालं, "विज्ञानाने सिद्ध होतं तेवढंच मी मानतो", तर शांतपणे विचारा की हे वाक्य कुठल्या प्रयोगाने सिद्ध झालं? चिडवायच्या सुरात नको, खरंच विचार करायला लावायचं म्हणून. या पद्धतीचा धोकाच तो आहे, माणूस पटकन वकिलासारखा बोलायला लागतो. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायाचा आधार घेऊन "तुला देव माहितीये, तू फक्त नाकारतोयस" असं काहीजण तोंडावर सांगतात, आणि पौलाचं म्हणणं खरं असूनही बोलणं तिथेच संपतं. दुसरं म्हणजे असाच युक्तिवाद दुसऱ्या एकेश्वरी धर्माचा माणूसही करू शकतो, त्यामुळे 'कुठलातरी देव' नाही तर त्र्येक देवच (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) का, हे सांगता आलं पाहिजे.

चौथी, जी दुसऱ्यांपेक्षा आपल्यासाठीच आहे

अल्विन प्लँटिंगा या अमेरिकन ख्रिस्ती तत्त्वज्ञाचं म्हणणं थोडक्यात असं, की काल जेवलो ही आठवण किंवा समोरच्याला मन आहे ही खात्री आपण युक्तिवाद करून मिळवत नाही, तरी ती धरणं शहाणपणाचंच असतं, देवावरचा विश्वासही तसाच मूलभूत असू शकतो. याने कुणाचं मन वळत नाही आणि तो उद्देशही नाही. पण कॉलेजातली एखादी पोर येऊन म्हणाली, "मला सिद्ध करता येत नाही म्हणजे माझा विश्वास खोटाच का?" तर तिला हे सांगा. पुराव्यांची यादी न देता आल्याने कुणाची प्रार्थना खोटी होत नाही.

पाचवी: सगळं मिळून

इंग्लिश बिशप जोसेफ बटलरने १७३६ मध्ये आणि आपल्या काळात तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्नने ही वाट घेतली, कोर्टात परिस्थितीजन्य पुराव्यावर केस उभी राहते तशी. विश्वाची सुरुवात, त्यातली शिस्त, सद्सद्विवेक, येशूचं जीवन, पुनरुत्थान, मंडळीचा अनुभव, एकेकटं कदाचित पुरेसं नाही, पण सगळ्याला मिळून बसणारं स्पष्टीकरण कुठलं? विचारी, घाई नसलेल्या मित्रासाठी ही फार चांगली. फक्त पोकळ मुद्दे दहा गोळा केले म्हणून ते भरीव होत नाहीत, प्रत्येकात थोडं तरी वजन पाहिजे.

फ्रेंच गणिती आणि विचारवंत पास्कलचं (१६२३–१६६२) नाव घेतलं की लोकांना फक्त त्याची पैज आठवते, की देव आहे असं धरून जगण्यात तोटा कमी आणि फायदा जास्त. मला त्याने सुचवलेला क्रम जास्त मोलाचा वाटतो. लोक धर्माचा तिरस्कार करतात आणि तो खरा निघेल याची त्यांना भीती वाटते, म्हणून आधी दाखवा की तो बुद्धीच्या विरोधात नाही, मग तो इतका हवासा दाखवा की चांगल्या माणसाला तो खरा असावा असं वाटेल, आणि मग तो खरा आहे हे दाखवा. आपण मधली पायरी कायम गाळतो. क्षमा, दुर्बळाची किंमत, मृत्यूनंतरची आशा, हे खरं असावं असं समोरच्याला वाटलंच नाही तर तो पुरावे ऐकेल कशाला? तुमची स्वतःची साक्ष इथेच बसते, जे झालं तेवढंच सांगा, एक शब्द वाढवू नका, आणि दुसऱ्या धर्मातल्या लोकांकडेही अनुभव असतात हे लक्षात ठेवून 'माझ्या बाबतीत असं झालं' एवढ्यावर थांबा.

दुःखाचा प्रश्न

याला दोन तोंडं आहेत आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. एक विचारांचं. नास्तिक तत्त्वज्ञ जे. एल. मॅकीने १९५५ मध्ये म्हटलं की सर्वसमर्थ, चांगला देव आणि वाईट गोष्टी हे तिन्ही एकत्र मानणं म्हणजे विसंगती. प्लँटिंगाने १९७४ मध्ये उत्तर दिलं की खरोखर स्वतंत्र इच्छा असलेले लोक निर्माण करायचे तर ते वाईट निवडणारच नाहीत अशी हमी देवही देऊ शकत नाही, आणि आज नास्तिक तत्त्वज्ञही बरेचसे मानतात की सरळ विसंगती दाखवता आलेली नाही. पण विल्यम रो या तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये विचारलं की जंगलाच्या आगीत होरपळून दिवसेंदिवस तडफडणाऱ्या हरणाच्या पाडसाचं काय, त्यातून कुठलं भलं होतं? हा प्रश्न स्वतंत्र इच्छेने सुटत नाही. इथे "प्रत्येक दुःखाचं कारण आम्हाला माहितीये" असं सांगू नका. वधस्तंभाकडे बोट दाखवा, देव या दुःखाच्या बाहेर उभा राहिलेला नाही, हे आपण म्हणू शकतो आणि तेवढं ठामपणे म्हणावं.

दुसरं तोंड रडणारं. योहानाच्या ११ व्या अध्यायात लाजर मेल्यावर मार्था येशूला म्हणते, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते आणि अगदी तेच वाक्य बोलते (वचन २१ आणि ३२ शेजारी ठेवून वाचा). मार्थाला येशू शिकवण देतो, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे. मरीयेला तो काहीही समजावून सांगत नाही, तो तिच्याबरोबर रडतो. वाक्य तेच, माणूस वेगळा, म्हणून उत्तर वेगळं. ईयोबाचे मित्र सात दिवस नि सात रात्री त्याच्याजवळ गप्प जमिनीवर बसले तोवर ठीक होते, तोंड उघडून कारणं सांगायला लागले आणि शेवटी देवाने त्यांनाच दोषी ठरवलं. त्यामुळे प्रेताशेजारी बसलेल्या माणसाला स्वतंत्र इच्छेचा युक्तिवाद सांगू नका, जेवणाचा डबा पोचवा, हॉस्पिटलची कागदपत्रं उरकायला मदत करा, तो सहा महिन्यांनी स्वतःहून विचारेल तेव्हा बोला.

तयारी कशी करायची

सगळ्या पद्धती एकदम शिकायला जाऊ नका. आधी १ करिंथ १५ वर सांगितलं तसं तारखांसकट पक्कं करा, मग कलाम किंवा नैतिकतेचा एक युक्तिवाद चार वाक्यांत कागदावर लिहा, त्याखाली त्यावरचा सगळ्यात जोरदार आक्षेप लिहा, स्वतःच्या हाताने. आक्षेप आपल्याच लोकांनी सांगितलेला घेऊ नका, आक्षेप घेणाऱ्याच्याच लिखाणातून घ्या.

फॉरवर्ड तपासल्याशिवाय वापरू नका. डार्विनने मरताना ख्रिस्ताला स्वीकारलं ही गोष्ट अजून फिरते, तो गेला १८८२ मध्ये, गोष्ट छापून आली १९१५ मध्ये, आणि त्याच्या मुलीने ती खोटी असल्याचं सांगितलं. नासाच्या कॉम्प्युटरला यहोशवाचा हरवलेला दिवस (बायबलमधल्या हकिकतीत सूर्य थांबला तो) सापडला ही पण खोटी. सत्याच्या प्रभूसाठी खोटं वापरायची गरज नाही, आणि पकडले गेलात तर त्याचं नाव खराब होतं.

उत्तर येत नसेल तर "आत्ता माहीत नाही, बघून सांगतो" म्हणा आणि खरंच परत जा, बहुतेक लोक परत जात नाहीत. आणि उपासनेनंतर तरुणांचा गट जमत असेल तर महिन्यातून एकदा सराव ठेवा. एकाने आक्षेप घेणारा व्हायचं आणि तो आक्षेप पूर्ण ताकदीने मांडायचा, मुद्दाम लुळा नाही. दुसऱ्याने उत्तर द्यायच्या आधी तो आक्षेप आपल्या शब्दांत परत सांगायचा, आणि पहिला "हो, मला हेच म्हणायचं होतं" म्हणेपर्यंत उत्तराला सुरुवात करायचीच नाही.